स्वस्त तिकीट वेगळं, स्वस्तात उडणं वेगळं

प्रश्न : सांगलीत माझा छोटा टूर व्यवसाय आहे. वर्षाला तीन ग्रुप परदेशी नेतो. निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, तासगावकडचे द्राक्ष बागायतदार असे तीस-पस्तीस जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. थायलंड, व्हिएतनाम, सिंगापूर-मलेशिया ही ठरलेली ठिकाणं. पुढच्या डिसेंबरसाठी एका नव्या परदेशी लो-कॉस्ट (कमी भाड्याच्या) विमान कंपनीच्या एजंटाने मुंबई–बँकॉक जाऊन-येऊन १५,५०० रुपयांचा ग्रुप रेट दिलाय. बाकीच्यांचा रेट २५ हजारांच्या पुढे आहे. अट एवढीच, की ३४ सीटचे सगळे पैसे आत्ताच, आठ महिने आधी, एनईएफटीने भरायचे. भरू का? दुसरं असं, की विमानतळांवर हल्ली पाय ठेवायला जागा नसते. या धंद्याला पुढे चांगलेच दिवस असणार असं वाटून सहा लाख रुपये विमान कंपन्यांच्या शेअरमध्ये घालायचा विचार आहे. आणि आता नवी मुंबईवरून जावं का, तेही सांगा.
— एक वाचक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

पाच लाख सत्तावीस हजार रुपये आठ महिने आधी एनईएफटीने भरू नका. एजंट रोज फोन करत असेल तर त्याला द्यायला एवढं उत्तर पुरे. कारणं पुढे सविस्तर देतो, कारण हाच प्रश्न तुम्हाला दरवर्षी वेगवेगळ्या नावाने पडणार आहे.

कंपनी नवी आहे किंवा परदेशी आहे म्हणून आम्ही नको म्हणत नाही. हिशेब जुळत नाही, म्हणून म्हणतो. कागद-पेन घ्या. मुंबई ते बँकॉक हवाई अंतर सुमारे ३,००० किलोमीटर, वेळ साडेचार तासांच्या आत-बाहेर. या मार्गाला लो-कॉस्ट कंपन्या बहुधा एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ लावतात. ए३२० मध्ये दाटीवाटीने १८६ सीट बसतात. नव्या 'निओ' प्रकारचं विमान तासाला सव्वादोन टनांच्या जवळपास इंधन जाळतं, म्हणजे एका बाजूला साधारण दहा टन. विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे दहा टनांचे साडेबारा किलोलिटर होतात. किलोलिटरला ७० हजार रुपये धरा. भाव सतत बदलतो, पण अंदाजाला हा आकडा चालेल. झाले पावणेनऊ लाख. विमान ८५ टक्के भरलं तर १५८ प्रवासी. म्हणजे माणशी साडेपाच हजार रुपये निव्वळ इंधनाचे, तेही एका बाजूचे. जाऊन-येऊन अकरा हजार.

१५,५०० मधले उरले साडेचार हजार. त्यात मुंबई विमानतळाचं शुल्क, सुरक्षा शुल्क, तिकिटावरचा पाच टक्के जीएसटी आणि बँकॉकहून निघतानाचं प्रवासी शुल्क येतं. हे शेवटचं २०२५ मध्ये ७३० बाह्ट होतं, म्हणजे आपले दोन हजारांच्या आसपास. सगळं मिळून सहज चार हजारांच्या वर जातं आणि ते विमान कंपनीच्या खिशात राहत नाही. मग विमानाचं भाडं, वैमानिकांचा पगार, इंजिनाची देखभाल, लँडिंगचे पैसे, विमा हे सगळं कशातून भागवायचं? इंधन हा एकूण खर्चाचा तिसरा ते फार तर निम्म्याच्या जवळ जाणारा हिस्सा असतो. अकरा हजार इंधनाचे असतील तर चोख चालणाऱ्या कंपनीलाही जाऊन-येऊन बावीस-पंचवीस हजारांच्या खाली भागत नाही. इतरांनी तुम्हाला सांगितलेला रेट लुटीचा नाही, खर्चाच्या आसपासचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, सेलमध्ये तर याहून स्वस्त तिकिटं निघतात. निघतात खरी. उडायच्या बेतात असलेल्या विमानातली रिकामी सीट संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या जुडीसारखी असते, येईल तो भाव चांगला. म्हणून प्रत्येक फेरीत दहा-पंधरा सीट तोट्यात विकणं हा रीतसर व्यवहार आहे. बाकीच्या सीट चढ्या भावाने विकून सरासरी काढली जाते. तुमचा प्रस्ताव त्यातला नाही. १८६ पैकी ३४ म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, तोही डिसेंबरच्या ऐन हंगामातला, तोही आठ महिने आधी. डिसेंबरची सीट एप्रिलमध्ये कोणी मेथीच्या भावाने विकत नाही. विकत असेल, तर त्याला प्रवासी नको आहेत, आजची रोकड हवी आहे. आणि पूर्ण रक्कम एकदम मागण्याचं कारणही तेच.

आगाऊ तिकिटांच्या पैशावर सगळ्याच विमान कंपन्या दिवस ढकलतात, चांगल्यासुद्धा. हे बिनव्याजी भांडवल असतं. धडधाकट कंपनीत ते वर शिलकीत पडून राहतं. अशक्त कंपनीत डिसेंबरच्या प्रवाशाच्या पैशातून मे महिन्याचं इंधन भरलं जातं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि फरक कळतो तो उड्डाणं थांबतात त्या दिवशी. मलेशियाची मायएअरलाइन डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि १२ ऑक्टोबर २०२३ ला तिने तडकाफडकी सेवा थांबवली. जेमतेम दहा महिने. आपली गो फर्स्ट तर २००५ पासूनची, मुंबईची, जुन्या उद्योगघराण्याची. तिने २ मे २०२३ ला स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमानं उडाली नाहीत. आधी दोन-तीन दिवसांची रद्द यादी, मग आठवड्याची, मग पुढची. जानेवारी २०२५ मध्ये तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश निघाला.

अशा वेळी तुमचे पैसे नेमके कुठे असतात, हे प्रत्येक टूरवाल्याने एकदा नीट समजून घ्यावं. दिवाळखोरी संहितेत पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी त्या प्रक्रियेचाच खर्च. मग कामगारांची देणी आणि तारण घेऊन बसलेल्या बँका. मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्ज देणारे, सरकारी थकबाकी. त्यानंतर उरलेले सगळे. तिकीट काढलेला प्रवासी आणि आगाऊ पैसे भरलेला एजंट या 'उरलेल्यां'त येतात. विमान कंपनीकडे स्वतःची मालमत्ता फारशी नसते, कारण विमानं बहुतेक भाड्याची. त्यामुळे रांगेच्या टोकापर्यंत काही पोचतच नाही. परदेशी कंपनी असेल तर रांगही परदेशात.

यात अलीकडे एक बदल झालाय, त्याची चर्चा फार होत नाही. गो फर्स्टची विमानं भाड्याने देणाऱ्या परदेशी मालकांना आपलीच विमानं परत मिळवायला वर्षभर कोर्टात जावं लागलं. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं तेव्हा ती सुटली. त्यानंतर केप टाउन करार (विमानमालकांचे हक्क जपणारा आंतरराष्ट्रीय करार) आपल्या कायद्यात नीट उतरवणारा कायदा २०२५ मध्ये आला. भाडं थकलं तर मालकाला विमान लवकर काढून नेता येईल, हा त्याचा अर्थ. देशाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे, कारण मालकाची भीती कमी झाली की विमानाचं भाडं कमी होतं. तुमच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजू आहे. पूर्वी अडचणीतली कंपनी रडतखडत वर्ष-दोन वर्षं चालायची, किंगफिशर तशीच २०१२ पर्यंत चालली. आता विमानं उचलली की आठवड्यात खेळ संपतो. सावध व्हायला मिळणारा वेळ कमी झालाय.

मग आशियातल्या लो-कॉस्ट कंपन्यांचं एकूण काय होणार? तुमचं म्हणणं खरं आहे, प्रवासी भरपूर आहेत आणि वाढणार आहेत. गर्दी आहे म्हणून नफा आहे, हे मात्र खरं नाही. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटाने जून २०२५ मध्ये मांडलेला अंदाज बघा : जगभरात एका प्रवाशामागे निव्वळ नफा सुमारे सात डॉलर, आशिया-पॅसिफिकमध्ये अडीच डॉलरच्या आसपास. म्हणजे सव्वादोनशे रुपये. तुमच्या ३४ जणांच्या ग्रुपमागे कंपनीला साडेसात हजार सुटतात असं समजा. एवढ्या पातळ सायीवर हा धंदा उभा आहे. इंधन दहा टक्के वाढलं, की साय गेली.

शिवाय विमानंच मिळत नाहीत. एअरबस आणि बोइंग दोघांकडच्या मागण्या कित्येक वर्षांच्या उत्पादनाएवढ्या साठल्या आहेत. त्यात प्रॅट अँड व्हिटनीच्या निओ इंजिनांचं दुखणं. इंजिनातल्या काही चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या, त्या भुकटीत अशुद्धता आढळली. जुलै २०२३ मध्ये हे जाहीर झालं आणि जगभर इंजिनं उतरवून तपासायला पाठवावी लागली. इंजिन उतरवल्यापासून परत चढेपर्यंत २५० ते ३०० दिवस. तोवर विमान धावपट्टीच्या कडेला उभं, आणि त्याचं भाडं मात्र चालूच. इंडिगोची कित्येक डझन विमानं अशी उभी होती. तिच्याकडे तेव्हा साडेतीनशेच्या वर विमानं होती, म्हणून ती सावरली. जुन्या विमानांचे करार वाढवून, बाहेरून विमानं भाड्याने आणून तिने वेळ मारून नेली. गो फर्स्टचा ताफा पन्नासेक विमानांचा, त्यातली निम्म्याच्या आसपास याच इंजिनांच्या आधीच्या बिघाडांमुळे बंद. दुखणं दोघींचं एकाच कंपनीच्या इंजिनांचं होतं, अंगात रक्त किती यावर जगणं-मरणं ठरलं.

तिसरी गोष्ट डॉलर. प्रवासी रुपयात, बाह्टमध्ये, रिंगिटमध्ये, डोंगमध्ये पैसे देतो. विमानाचं भाडं, इंजिनाची देखभाल आणि बराचसा इंधनखर्च डॉलरमध्ये जातो. डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला रुपयाने डॉलरला नव्वदी ओलांडली. चलन घसरलं की एकही प्रवासी कमी न होता तोटा होतो. याचं ढळढळीत उदाहरण शेअरच्या मुद्द्यात येईलच.

या तिन्ही गोष्टींमुळे आम्हाला पुढची काही वर्षं अशी दिसतात : तिकिटं फार स्वस्त होणार नाहीत, कारण सीट कमी आणि मागणारे जास्त. मोठ्या कंपन्या आणखी मोठ्या होतील. मधल्या आणि एकट्या कंपन्या विकल्या जातील किंवा बंद पडतील. सुरुवात झालीच आहे. एअर एशिया इंडियाचं एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये आणि विस्ताराचं एअर इंडियात विलीनीकरण २०२४ मध्ये झालं. सिंगापूरची जेटस्टार एशिया ३१ जुलै २०२५ ला बंद झाली. ती काही बुडीत निघाली नव्हती. विमानतळ शुल्क आणि पुरवठादारांचे दर इतके वाढले, की तिच्यामागच्या ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने हिशेब करून ती मिटवली आणि तिची तेरा विमानं दुसरीकडे वळवली. दीड महिना आधी जाहीर केलं आणि प्रवाशांना परतावा दिला. पाठीशी कोणी असलं, की बंद पडणंसुद्धा रीतसर होतं.

तुम्हाला कंपनी निवडताना हीच पहिली कसोटी लावायला सांगू. कंपनीमागे तगडा पालक हवा, किंवा तिचा स्वतःचा पसारा तरी मोठा हवा. स्कूटमागे सिंगापूर एअरलाइन्स आहे, एअर इंडिया एक्सप्रेसमागे टाटा, हाँगकाँग एक्सप्रेसमागे कॅथे, जपानच्या पीचमागे एएनए. इंडिगो, एअर एशिया, व्हिएतजेट, सेबू पॅसिफिक यांचा पसारा मोठा. या कंपन्यांनाही अडचणी येतात. एअर एशियाच्या मूळ कंपनीला २०२२ मध्ये मलेशियाच्या शेअर बाजाराने आर्थिक अडचणीतल्या कंपन्यांच्या यादीत टाकलं होतं. तरी विमानं उडत राहिली, कारण भाड्याने देणाऱ्यांनाही ती जगलेलीच परवडत होती. पाच-सात विमानांच्या कंपनीसाठी कोणी असं थांबत नाही. तिचं एक विमान बिघडलं तरी अख्खं वेळापत्रक कोसळतं.

दुसरी कसोटी तिच्या देण्याघेण्याची. पगार उशिरा होत असल्याच्या बातम्या, इंधन कंपन्यांनी किंवा विमानतळाने उधारी बंद करून 'आधी पैसे, मग इंधन' असं धोरण लावणं, आठवड्याला सात फेऱ्यांच्या चार करून प्रवासी एका विमानात कोंबणं, हिशेबपत्रं वेळेवर न येणं. आणि सहा-आठ महिन्यांनंतरच्या तारखांचे एकामागून एक सेल. यातलं एक दिसलं तर चौकशी करा. दोन दिसली तर आगाऊ पैसे देऊ नका.

आता पैसे भरण्याच्या पद्धतीबद्दल, कारण तुमचं खरं नुकसान तिथेच होऊ शकतं. बहुधा दहा किंवा त्याहून जास्त प्रवासी असले की ग्रुप बुकिंग धरतात. त्याची सर्वसाधारण रीत अशी : सीटमागे ठराविक डिपॉझिट, उरलेली रक्कम प्रवासाच्या महिना-दीड महिना आधी, नावांची यादी त्यानंतर. प्रत्येक कंपनीच्या तारखा वेगळ्या, त्या लेखी मागून घ्या. विचारायचे प्रश्न : ३४ पैकी किती सीट दंडाशिवाय परत करता येतील आणि कधीपर्यंत, नाव बदलता येतं का आणि कितीला, वेळ बदलली तर पूर्ण परतावा मिळतो का, सामान किती. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लो-कॉस्टच्या मूळ भाड्यात बहुधा सात किलोची हातातली बॅगच असते. चेक-इनची वीस किलो बॅग, जेवण, एकत्र सीट हे धरून भाव लावा, तेव्हाच दोन रेटची तुलना खरी होते. अनेकदा तीन-चार हजारांचा फरक इथेच मिटतो. आणि नावं पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच भरा. वडिलांचं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल ही मराठी ग्रुपमधली नेहमीची चूक आहे.

डिपॉझिट क्रेडिट कार्डने भरा. सेवा मिळालीच नाही तर कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो. मुदत साधारण सेवेच्या तारखेपासून १२० दिवसांची असते, तुमच्या बँकेकडून ती पक्की करून घ्या. कार्डावर दोन टक्के जादा लागले, तर पाच लाख सत्तावीस हजारांवर साडेदहा हजार होतात. तेवढ्यात हा एक प्रकारचा विमाच मिळतो. एनईएफटीने गेलेला पैसा मात्र बँकेमार्फत मागे ओढता येत नाही. एजंटच्या किंवा त्रयस्थ फर्मच्या खात्यावर पैसे मागत असतील तर विषयच संपला.

लो-कॉस्ट कंपन्यांच्या एजंट पोर्टलवर वॉलेट असतं, त्यात आधी रक्कम भरायची आणि त्यातून तिकिटं काढायची. तिकडे फार लक्ष द्या. कंपनी थांबली की वॉलेटही गोठतं, आणि त्या पैशाच्या बदल्यात तुमच्या हातात तिकीटसुद्धा नसतं. त्या आठवड्याला लागेल तेवढीच रक्कम ठेवा. प्रवास विम्यात 'विमान कंपनी दिवाळखोर झाल्यास' हे कलम असल्याशिवाय त्यासाठी भरपाई मिळेल असं समजू नका. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ते नसतं.

कंपनी मोठी म्हणून सगळं बिनघोर होत नाही, हे डिसेंबर २०२५ ने दाखवलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले : आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, आणि १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर दोनची मर्यादा, जी आधी सहा होती. इंडिगोने पुरेसे वैमानिक उभे केले नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. लो-कॉस्टची स्वस्ताई येते ती विमान आणि माणूस दोन्ही ताणून वापरण्यातून : विमान दिवसाला बारा-तेरा तास हवेत, जमिनीवर जेमतेम अर्धा-पाऊण तास, ताफ्यात शक्यतो एकच प्रकार. यात सैल जागा नसते. एक दोरी तुटली की सगळी माळ ओघळते. अशा वेळी पैसे बुडत नाहीत, दिवस बुडतात. म्हणून ग्रुपसाठी दोन वेगळ्या पीएनआरची (बुकिंग क्रमांकांची) जोड-उड्डाणं एकाच दिवशी ठेवू नका. देशांतर्गत विमानाने येणारे असतील तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम. दिवसाची पहिली फेरी निवडा, संध्याकाळची नको, कारण दिवसभराचा उशीर साचून तिच्यावर येतो. उड्डाण रद्द झालं तर आपल्या नियमांत ५ ते १० हजार रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे, पण आधी कळवलेलं असलं किंवा कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असलं तर ती मिळत नाही. तिकीट एजंटमार्फत काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते. ग्राहक तुमच्या दारात आला तर हे त्याला शांतपणे दाखवता यावं, म्हणून नियमाची प्रत ऑफिसात ठेवा.

१५,५०० सोडल्यावर ग्रुपचं बजेट कसं बसवायचं, याला आमच्याकडे एक उत्तर आहे. तुमच्या ग्राहकांतले द्राक्षवाले डिसेंबरमध्ये मोकळे नसतात. फळछाटणीनंतर फवारण्या, मग काढणी, मग एप्रिलची खरड छाटणी. त्यातून ते जरा सुटतात जून-जुलैत. नेमक्या तेव्हाच, शाळा सुरू झाल्यावर, भारतातून निघणाऱ्या विमानांची गर्दी उतरते आणि भाडी नरमतात. त्या दिवसांत मध्य व्हिएतनामचं दा नांग बऱ्यापैकी कोरडं असतं, बालीतही कोरडा हंगाम असतो. तिथे ऑस्ट्रेलियन गर्दीमुळे जुलैत हॉटेलं महागतात, म्हणून जूनचा दुसरा पंधरवडा बरा. बागायतदारांचा वेगळा ग्रुप तेव्हा काढा, मंगळवार-बुधवारची फेरी घ्या. डिसेंबरचा ग्रुप लहान ठेवा. आणि पत्रकात एक ओळ न चुकता छापा : विमानभाडं तिकीट काढल्या दिवसाचं लागू राहील. किमतीत आठ-दहा टक्के जागाही ठेवा.

शेअरचं. भारतात सरळ विकत घेण्याजोगी मोठी कंपनी इंडिगोच. तिचे पाच वर्षांचे आकडे ओळीने वाचा. २०२०-२१ मध्ये ५,८०६ कोटींचा तोटा, २०२१-२२ मध्ये ६,१६२ कोटींचा, २०२२-२३ मध्ये सुमारे ३०६ कोटींचा. मग २०२३-२४ मध्ये ८,१७२ कोटी नफा आणि २०२४-२५ मध्ये ७,२५८ कोटी. पाच वर्षांची गोळाबेरीज सव्वातीन हजार कोटींच्याही आत, आणि ही आशियातल्या सर्वात चांगल्या चालवलेल्या लो-कॉस्ट कंपन्यांपैकी एक. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत तिला २,५८२ कोटींचा तोटा झाला. तो प्रवासी घटल्यामुळे झाला नव्हता. रुपया घसरल्याने डॉलरमधली देणी फुगली. तो परिणाम बाजूला काढला तर थोडा नफाच होता.

तुमच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी आहे. इंधन भडकलं, रुपया पडला किंवा साथ आली, तर विमान कंपनीचा शेअर पडेल आणि त्याच महिन्यात तुमच्या टूर रद्द होतील. धंदा आणि बचत दोन्ही एकाच फांदीवर बसतील. हे सहा लाख धंद्याचं खेळतं भांडवल किंवा ग्राहकांच्या आगाऊ रकमांतलं असेल, तर त्यातला एक रुपयाही शेअरमध्ये नको. खरोखरची लांब पल्ल्याची बचत असेल तर निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे विभागून घालणारा फंड, घ्या. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस इंडिगो निफ्टी ५० मध्ये आलीच आहे, तेवढा वाटा आपोआप मिळतो. रक्कम टाकण्याआधी सेबी-नोंदणीकृत सल्लागाराला तुमच्या धंद्याचा ताळेबंद दाखवा.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली, सुरुवात देशांतर्गत फेऱ्यांनी. सांगलीहून एक्सप्रेसवेने येणाऱ्या बसला ते पनवेलच्या बाजूलाच पडतं, पुढचा सहारपर्यंतचा कोंडीचा टप्पा वाचतो, त्यामुळे तुम्हाला हवी ती आंतरराष्ट्रीय फेरी तिथून मिळत असेल तर पाचशे-हजार जास्त देऊनही घ्या. फक्त जाण्याचं आणि येण्याचं विमान एकाच विमानतळाचं आहे ना, ते ग्रुप रेट घेतानाच बघा. तिकिटावर मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. बसवाल्याला देण्याच्या कागदावर कोड आणि विमानतळाचं नाव दोन्ही ठळक लिहा, आणि परतीच्या तारखेसमोरही तेच पुन्हा लिहा.